जुन्या बाजारात मिळालेला काळा क्रॉस आणि वर मुकुट, हा बिल्ला नक्की कोणाचा?

रविवारचा_रिकामा

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी नेहमीसारखा पुण्यात जुन्या बाजारात गेलो होतो, घरी सांगितलं पान्याचा सेट बघायला चाललोय आणि परत आलो एक बिल्ला घेऊन. तीनशे सांगत होता, दोनशेला दिला. स्वस्त पडला की टोपी घातली ते तुम्हीच सांगा.

फोटो काही केल्या चढत नाहीये म्हणून शब्दांत सांगतो. उंची दीड-दोन इंच असेल. रंग काळपट, जुन्या तव्यासारखा, कडांना थोडा तांबूस झालाय. मधे क्रॉस आहे पण चर्चवर असतो तसला नाही, चारही हात बाहेरच्या बाजूला रुंद होत गेलेत आणि प्रत्येकाच्या टोकाला खाच, म्हणजे एकूण आठ टोकं. क्रॉसच्या पोटात एक गोल कडं आणि त्यावर इंग्रजी कॅपिटल अक्षरात 'इन धिस साइन कॉन्कर'. कड्याच्या आत चार पाकळ्यांच्या फुलासारखं काहीतरी. क्रॉसच्या मागून पानांची माळ गेलीये आणि सगळ्यात वर मुकुट. मागे दोन चपट्या पट्ट्या आहेत, त्या टोपीच्या कापडातून घालून वळवत असणार.

विकणारा म्हणाला मिलिटरी डॉक्टरचा आहे. मित्र म्हणाला जर्मन आहे, हिटलरच्या वेळचा, दोन लाखाला जाईल, गप्प बस. मला दोन्ही पटत नाही. डॉक्टरच्या बिल्ल्यावर साप असतो ना? आणि जर्मन असता तर इंग्रजीत कशाला लिहिला असता.

आता प्रश्न. एक, कोणाचा आहे. दोन, पितांबरी लावून चकचकीत करू का. तीन, आणि हा मला खरा छळतोय, हे जर कुठल्या चर्चवाल्यांचं असेल तर त्यावर 'जिंका' कशाला लिहिलंय?

ढाल_आणि_मुकुट

पितांबरी अजिबात नको!! चिंच, लिंबू, राख, कोलगेट काहीच नको. तो काळेपणा मळ नाहीये, मुद्दाम दिलेला आहे. ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्यांच्या खाकी सर्व्हिस ड्रेसवरचे बिल्ले ब्राँझचे काळपट करून दिले जायचे, मैदानात चमकू नयेत म्हणून. घासलात की दोनशेचे वीस झाले समजा.

आता कोणाचा ते. रॉयल आर्मी चॅप्लन्स डिपार्टमेंट, म्हणजे ब्रिटिश सैन्यातल्या पाद्र्यांचं खातं. स्थापना १७९६ ची, त्याआधी प्रत्येक रेजिमेंट आपापला पाद्री ठेवायची आणि तो बऱ्याचदा पगार घेऊन घरीच बसायचा, बदली माणूस पाठवायचा, तोही कधी यायचा कधी नाही. म्हणून राजाने वॉरंट, म्हणजे हुकूमनामा काढून एक केंद्रीय खातं केलं. नावामागे 'रॉयल' लागलं ते १९१९ साली, पहिल्या महायुद्धातल्या कामाबद्दल. १९१४ मधे युद्ध सुरू झालं तेव्हा सैन्यात सव्वाशे पाद्रीसुद्धा नव्हते, संपेपर्यंत तीन हजारांच्या वर गेले.

तुमच्या मित्राला सांगा की असला रुंद हातांचा काळा क्रॉस दिसला की सगळ्यांना जर्मनच वाटतो. पण आठ टोकांचा तो माल्टीज क्रॉस. जर्मन आयर्न क्रॉसच्या हातांना टोकाला खाच नसते. आणि नुसत्या माल्टीज क्रॉसवरून पण लगेच पाद्री म्हणू नका, ब्रिटिश रायफल रेजिमेंट्सच्या बिल्ल्यांवरही तोच क्रॉस असायचा. तुमच्या केसमधे ते वाक्य आहे म्हणून शंका नाही.

आता मला एक सांगा, मुकुटाच्या वरच्या कमानी कशा आहेत? घुमटासारख्या गोल वर जातात की मधे खाली दबल्यात, उशीवर कोणी बसून उठल्यासारख्या?

रविवारचा_रिकामा

धन्यवाद साहेब. भिंगातून बघितलं. गोल. घुमटासारख्या. दबलेल्या नाहीत. ह्याने काय कळतं?

गंजलेलं_नाणं

ह्याने काळ कळतो. गोल कमानी म्हंजे ट्यूडर मुकुट, बिल्ले जमवणारे ह्याला किंग्ज क्राउन म्हणतात. १९५३ ला एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला आणि नंतर सगळ्या बिल्ल्यांवर सेंट एडवर्डचा मुकुट आला, तो मधे दबलेला, म्हणून तो क्वीन्स क्राउन. बाकी सगळं पुसलं गेलं तरी मुकुट बघून निम्मं काम होतं.

दुसरी खूण म्हणजे ते वाक्य. पहिल्या महायुद्धातल्या पाद्र्यांचा बिल्ला फारच साधा होता, काळा माल्टीज क्रॉस आणि वर मुकुट, बस. माळ नाही, वाक्य नाही. वाक्य आणि माळ नंतर आली. तेव्हा ढोबळमानाने पहिलं महायुद्ध संपल्यानंतर ते १९५३ ह्या मधला. पुण्यात मिळालाय म्हणजे मी दुसऱ्या महायुद्धावर पैज लावीन.

आता पाण्याचा ग्लास भरून ठेवा. तिसऱ्या चार्ल्सने परत ट्यूडर मुकुटच घेतलाय २०२२ पासून. म्हणजे आता गोल कमानी दिसल्या की जुनंच असं डोळे झाकून म्हणता येत नाही. आणि जुन्या साच्यावरून नवीन पाडलेले नकली बिल्ले पोत्याने मिळतात. कडा बघा, खऱ्या बिल्ल्याच्या पानांच्या शिरा दिसतात, नकलीत सगळं साबणासारखं गुळगुळीत येतं. आणि मागच्या पट्ट्या कितीदा तरी वाकवून त्यांच्या मुळाशी बारीक सुरकुती पडलेली असते, ती असली तर बिल्ला खरंच कोणाच्या तरी टोपीवर बसलेला आहे.

रविवारचा_रिकामा

सुरकुती आहे! एक पट्टी तर जवळजवळ तुटायला आलीये. पानांच्या शिरा पण दिसतात आणि आत्ताच लक्षात आलं की पानं एका जातीची नाहीयेत. काही लांबट टोकदार, आणि काहींच्या कडा अशा गोल गोल कातरल्यासारख्या.

मळ्यातली_मरिया

मी नगर जिल्ह्यातली, आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती मंडळीत पाळक, म्हणजे धर्मगुरू होते, त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर मला बोलल्याशिवाय राहवत नाहीये. जरा लांबेल.

ते वाक्य रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या गोष्टीतलं आहे. साल ३१२, ऑक्टोबरची २८ तारीख, रोमच्या बाहेर टायबर नदीवरचा मिल्व्हियन पूल. समोर मॅक्सेंटियस, तोही स्वतःला सम्राटच म्हणवत होता. लढाईच्या आधी कॉन्स्टंटाइनला म्हणे आभाळात सूर्याच्या वर उजेडाचा क्रॉस दिसला आणि सोबत शब्द, ह्याने जिंक. तो जिंकला, मॅक्सेंटियस पळताना नदीत बुडाला, आणि त्यानंतर ख्रिस्ती लोकांचा छळ थांबून उलट राजाश्रय मिळाला. ही आभाळातली गोष्ट युसेबियस नावाच्या बिशपने लिहिली. दुसरा एक लेखक लॅक्टँटियस, त्याच्याकडे आभाळाचा उल्लेखच नाही, तो म्हणतो स्वप्न पडलं आणि स्वप्नात सांगितलं की सैनिकांच्या ढालींवर ख्रिस्ताची खूण काढ. ती खूण म्हणजे ख्रिस्ताच्या ग्रीक नावाची पहिली दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेली असं बहुतेकजण मानतात. म्हणजे बघा, तुमच्या बिल्ल्यावरचा माल्टीज क्रॉस ह्या दोन्ही गोष्टींत कुठेच नाहीये! तो कित्येक शतकांनंतरचा आहे. वाक्य एका काळातलं, चिन्ह दुसऱ्याच, आणि दोघांची मोट बांधली लंडनमधे.

माल्टीज क्रॉस हा सेंट जॉनच्या हॉस्पिटलवाल्या सरदारांचा. जेरुसलेमला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांनी इस्पितळ काढलं, तिथून सुरुवात, पुढे ते लढवय्ये झाले आणि १५३० पासून १७९८ पर्यंत माल्टा बेट त्यांच्याकडे होतं म्हणून नाव माल्टीज. कंपनीत कोणी फर्स्ट एडचा कोर्स केला असेल तर सेंट जॉन अँब्युलन्सच्या सर्टिफिकेटवर हाच क्रॉस बघितला असेल. त्यामुळे तुमचा विकणारा 'डॉक्टरचा' म्हणाला ते चूक असलं तरी अगदी वेड्यासारखं नाही. आठ टोकं म्हणजे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली 'धन्य ते' म्हणून सुरू होणारी आठ वचनं असा अर्थ लावतात. आत्म्याने दीन ते धन्य, शोक करतात ते धन्य, दयाळू ते धन्य, शांती करणारे ते धन्य. आता ही वचनं आणि त्यांच्या मधोमध 'जिंक', हे मला लहानपणापासून अवघड वाटत आलंय असं नाही म्हणणार कारण लहानपणी मी हा बिल्ला बघितलाच नव्हता, पण आज तुमचं वर्णन वाचून नक्की वाटलं.

मधलं चार पाकळ्यांचं फूल, त्याला काहीजण बायबलातली चार शुभवर्तमानं म्हणतात. मला विचाराल तर चर्चच्या खिडक्यांवर हा आकार इतका असतो की कारागिराने जागा भरायला पण घातला असेल.

आणि एक गंमत. इंग्रज सैनिक आपल्या चॅप्लनला आजही 'पाड्रे' म्हणतात. हा शब्द त्यांनी आपल्याकडून नेला. पोर्तुगीजांचा 'पाद्रे', गोवा-वसईतून आपल्याकडे पाद्री झाला आणि इंग्रज शिपाई इथून तो तोंडात घेऊन गेला. म्हणजे बिल्ला तिकडून आला पण तो घालणाऱ्याचं नाव इथून गेलं.

तिरपागडा

मरियाताई छान लिहिलंत, पण मूळ प्रश्न टाळला गेला की. धर्मगुरूच्या टोपीवर 'जिंका' लिहिणं म्हणजे सरळ सरळ देवाला आपल्या बाजूने लढायला लावणं नाही का? समोरच्या जर्मन सैनिकाच्या पट्ट्याच्या बक्कलवर पण 'गॉट मिट उन्स', देव आमच्यासोबत, असं लिहिलेलं होतं. एकाच देवाला दोन्हीकडून समन्स. हेराल्ड्रीचं, म्हणजे ह्या ढाली-बिल्ल्यांवरच्या चिन्हांच्या शास्त्राचं सौंदर्य वगैरे ठीक आहे पण हा सरकारी प्रचार आहे, पितळेत ओतलेला.

ढाल_आणि_मुकुट

ब्राँझमधे ओतलेला. पितळ नाही. बाकी चालू द्या.

गंजलेलं_नाणं

तिरपागडे, अर्धं मान्य. पण एक गोष्ट ह्यात धरली पाहिजे, ब्रिटिश पाद्री शस्त्र घेत नाहीत. रँक आहे, पगार आहे, गणवेश आहे, पण बंदूक नाही. आणि हे नुसतं त्यांचं सोवळं नाही, जिनिव्हा करारात पाद्र्यांना लष्करी डॉक्टर-नर्सच्या रांगेत बसवलंय. १८६४ च्या पहिल्या करारापासून आहे ते. १९४९ च्या करारानुसार तर शत्रूने पकडला तरी त्याला युद्धकैदी म्हणता येत नाही, आपल्या कैद्यांची सेवा करायला लागेल तेवढाच काळ ठेवून घेतात, नाहीतर परत पाठवायचा. त्यासाठी त्याच्या दंडावर रेडक्रॉसची पट्टी असते. म्हणजे त्याच्या अंगावर दोन क्रॉस बघा. टोपीवरचा काळा, तो कुठल्या राजाचा ते सांगतो, आणि दंडावरचा लाल, तो सांगतो की मला मारू नका. गोळी थांबवायची असली तर दंडावरचाच उपयोगाचा.

आता माळेकडे या. रविवारच्या रिकाम्या माणसाने बरोबर टिपलंय, पानं दोन जातींची आहेत. लांबट टोकदार ती लॉरेल, कातरल्यासारखी ती ओक. लॉरेलची माळ रोममधे विजयी सेनापतीच्या डोक्यावर असायची, ती सगळ्यांना माहिती आहे. पण ओकच्या पानांचा मुकुट रोमन लोक वेगळ्याच माणसाला द्यायचे, ज्याने लढाईत आपल्या एखाद्या नागरिकाचा जीव वाचवला त्याला. त्यात मुख्य गोष्ट जीव वाचवला का ही. हे डिझाइन करणाऱ्याच्या डोक्यात होतं असं मी म्हणत नाही, ओक-लॉरेलची जोडी युरोपात ढिगाने बिल्ल्यांवर सापडते. पण वाचणाऱ्याने वाचायला काय हरकत आहे. बिनबंदुकीच्या माणसाच्या बिल्ल्यावर लॉरेल उसनी वाटते, ओक त्याची स्वतःची.

थिओडोर बेली हार्डी नावाचा पाद्री होता, वयाच्या पन्नाशीनंतर हट्टाने भरती झाला, आधी म्हातारा म्हणून नको म्हणत होते. रात्री-अपरात्री दोन्ही खंदकांच्या मधल्या जागेत जाऊन जखमींजवळ बसून राहायचा, उचलून आणायचा. व्हिक्टोरिया क्रॉस, डीएसओ, मिलिटरी क्रॉस, शौर्याची ही तीनही पदकं मिळाली आणि युद्ध संपायला महिना पण राहिला नव्हता तेव्हा, १८ ऑक्टोबर १९१८ ला, जखमेने गेला. आता ह्या माणसाने 'जिंक' ह्याचा अर्थ काय घेतला असेल ते तुम्हीच बघा. सगळेच असे नव्हते हे पण खरं, मागच्या फळीत उभं राहून जोशपूर्ण भाषण ठोकणारे पण भरपूर होते आणि सैनिक त्यांना शिव्या घालायचे. ज्यांना सैनिकांनी जीव लावला ते खंदकात सिगारेटी वाटत फिरणारे. जेफ्री स्टडर्ट केनेडीचं तर टोपणनावच सिगारेटच्या ब्रँडवरून पडलं, वुडबाइन विली.

तिरपागडा

ओकचं माहीत नव्हतं. मान्य, छान आहे. प्रचाराचा मुद्दा मी सोडत नाही.

मळ्यातली_मरिया

सोडू नका, तो मुद्दा आहेच. मी फक्त भाषेचं एक सांगते, काल रात्री झोप येईना तेव्हा सुचलं. हे वाक्य लॅटिनमधे सगळीकडे 'इन हॉक सिग्नो व्हिन्सेस' असं लिहिलेलं असतं, म्हणजे 'तू जिंकशील', भविष्यकाळ, आश्वासन. पण युसेबियसच्या ग्रीकमधे 'निका' आहे, आज्ञार्थ, 'जिंक'. बिल्ल्यावरचं इंग्रजी त्या ग्रीकच्या जवळ जातं. आश्वासन नाही, हुकूम आहे. देव जिंकून देईल असं म्हणत नाहीये, तुझं तू कर म्हणतोय. फरक आहे ना?

आणि दुसरं म्हणजे ते 'साइन'. लॅटिन 'सिग्नुम' म्हणजे खूण तर आहेच, पण रोमन पलटणीपुढे काठीवर जे मिरवायचे त्यालाही सिग्नुमच म्हणत. मराठीत भाषांतर करायला बसलात तर 'चिन्ह' घेऊ नका, आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे, निशाण. खूण पण तीच आणि झेंडा पण तोच. 'ह्या निशाणाखाली जिंक.' इंग्रजीत ते दोन अर्थ तुटून गेले, आपल्याकडे अजून एका शब्दात नांदतायत.

टेम्सकाठचा_पाटील

वा, धागा रंगलाय. मी इकडे इंग्लंडमधे सतरा वर्षं आहे, नोव्हेंबरात रिमेंब्रन्स संडेला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनाला, आमच्या गावच्या स्मारकापाशी जो पाड्रे येतो त्याच्या टोपीवर हाच बिल्ला बघितलाय, फक्त रंगीत आणि दबक्या मुकुटाचा.

एक भर घालतो. सगळ्या चॅप्लन लोकांचा बिल्ला क्रॉसचा नसतो. ज्यू चॅप्लनसाठी वेगळा आहे, क्रॉसच्या जागी सहा टोकांचा डेव्हिडचा तारा, वर मुकुट तोच. आणि अर्थातच त्यावर कॉन्स्टंटाइनचं वाक्य नाही, रब्बीच्या डोक्यावर ते कसं चालेल. पहिल्या महायुद्धात मायकेल अॅडलर हे रब्बी फ्रान्सच्या आघाडीवर फिरले तेव्हापासून हा प्रश्न आला. २००५ साली इथल्या संरक्षण खात्याने हिंदू, शीख, मुस्लिम आणि बौद्ध चॅप्लन पण नेमले, पण ते सिव्हिलियन म्हणून, गणवेशातले अधिकारी म्हणून नाही. तिरपागडे म्हणतात तो सरकारी भाग मुकुटात आहे असं मला वाटतं. धर्माची खूण बदलते, मुकुट हलत नाही. हेराल्ड्रीत जे सगळ्यात वर ते सगळ्यात मोठं, आणि इथे क्रॉसच्या डोक्यावर राजा बसलाय, उलटं नाही. आमच्या इथल्या एका धार्मिक म्हाताऱ्या बाईंना हे सांगितलं तर दोन आठवडे बोलत नव्हत्या.

न्यूजर्सीची_सून

अमेरिकेत मुकुटाचा प्रश्नच नाही त्यामुळे त्यांनी वेगळाच मार्ग काढला, ज्याचा जो धर्म त्याची ती खूण कॉलरवर. पण तिथपर्यंत पोचायला वेळ लागला. चॅप्लन खातं २९ जुलै १७७५ चं, म्हणजे देश जन्मायच्या आधीचं, पण शंभर वर्षं खास खूणच नव्हती. १८८० मधे पहिली आली ती मेंढपाळाची आकडेवाली काठी. मरियाताईंचे पाळक आठवले ना? सोपी, कोणालाही चालेल अशी. मग १८९८ ला क्रॉस आला, कारण चॅप्लन सगळे ख्रिस्तीच होते. पहिल्या महायुद्धात ज्यू चॅप्लन भरती झाले तेव्हा अडलं, म्हणून १९१८ ला त्यांच्यासाठी दहा आज्ञांच्या दोन पाट्या आणि वर तारा. त्या पाट्यांवर आधी रोमन आकडे होते, हिब्रू अक्षरं यायला ऐंशीचं दशक उजाडलं.

पुढचा भाग मला फार आवडतो. १९९० ला बौद्धांसाठी धम्मचक्र मंजूर झालं, आठ आरे, अष्टांगिक मार्ग. पण ते लावायला बौद्ध चॅप्लनच नव्हता! पहिली आली २००४ मधे नौदलात. चौदा वर्षं खूण खोक्यात पडून, माणसाची वाट बघत. १९९३ ला चंद्रकोर आली मुस्लिम चॅप्लनसाठी, आणि २०११ ला प्रतिमा धर्म ह्या अमेरिकन सैन्यातल्या पहिल्या हिंदू चॅप्लन झाल्या, त्या भारतातून गेलेल्या, आणि त्यांच्यासाठी ॐ. विचार करा, अमेरिकन गणवेशावर देवनागरीतली खूण. माझ्या सासूबाईंना फोटो दाखवला तर म्हणाल्या, बरं झालं, पण चपला घालून लावतात का?

फौजीकाका

जय हिंद. मी जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर म्हणून सैन्यातून रिटायर झालो, पाद्री नव्हतो पण धर्मगुरू लोकांसोबत अनेक वर्षं राहिलो म्हणून दोन शब्द. आपल्या सैन्यात ह्यांना आरटी म्हणतात, रिलिजस टीचर, आम्ही सरळ पंडितजी, ग्रंथी साहब, मौलवी साहब, पाद्री साहब म्हणायचो. लडाख स्काउट्ससाठी बौद्ध भिक्खू पण असतात. इंग्रजांच्यात पाद्री कॅप्टनपासून सुरू होतो, आपल्यात तो नायब सुभेदार. ट्रेनिंग कुठे होतं माहीत आहे का कोणाला? इथेच, पुण्यात, इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशन. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री एकाच वर्गात बसून एकमेकांच्या धर्माचं शिकतात. पलटणीत सर्व धर्म स्थळ असतं, एका छपराखाली सगळं. आणि रंगरूट शपथ घेतो त्या परेडला धर्मगुरू धर्मग्रंथ घेऊन उभा असतो. तो क्षण ज्याने अनुभवला त्याला बिल्ल्याची गरज नाही, पण ते असो.

इंग्रज गेल्यावर आपल्या बिल्ल्यांवरचा मुकुट गेला, अशोकाचे सिंह आले. काही पलटणींनी तर आणखी बदललं. महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आधी कोरेगावचा विजयस्तंभ होता, स्वातंत्र्यानंतर त्या जागी खंजीर आला. म्हणजे बिल्ला हा कायमचा नसतो, राज्य बदललं की बदलतो.

रविवारचे साहेब, तुम्हाला सुचवतो. खडकीच्या वॉर सिमेटरीत जाऊन या. दुसऱ्या महायुद्धातल्या १६०० च्या वर सैनिकांच्या कबरी आहेत, पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे पडले तिथून आणून ठेवलेले. प्रत्येक दगडावर ज्याच्या त्याच्या पलटणीचा बिल्ला कोरलेला असतो. ब्रिटिश बिल्ला दगडावर कसा दिसतो ते कळेल. आणि तुमचा बिल्ला पुण्यात कसा आला ह्याचं मला तरी आश्चर्य नाही. खडकी, कॅम्प, देवळाली, सगळीकडे गोऱ्या पलटणी पडलेल्या असायच्या, देवळालीला तर बोटीची वाट बघत महिनोन् महिने.

ढाल_आणि_मुकुट

काका अगदी. ह्यात एक बारीक गोम आहे ती सांगून मी थांबतो. भारतात राहणाऱ्या सैन्याचे बहुतेक पाद्री पूर्वी ह्या खात्याचे नव्हतेच, ते हिंदुस्थान सरकारच्या वेगळ्या धर्मखात्याचे नोकर असायचे, बंगाल, मद्रास, मुंबई असे. त्यांना हा बिल्ला लागू नाही. १८७९ ला काबूलजवळ किल्ला काझीच्या लढाईत जेम्स अॅडम्स नावाच्या पाद्र्याने पाण्याच्या चरात घोड्याखाली अडकलेले भालेवाले ओढून बाहेर काढले, तो बंगालच्या धर्मखात्याचा, म्हणजे कागदोपत्री सैनिकच नाही, त्यामुळे व्हिक्टोरिया क्रॉस द्यायला नियम वाढवून घ्यावा लागला. म्हणून रविवारच्या रिकाम्यांचा बिल्ला बहुधा युद्धकाळात इंग्लंडहून पलटणीसोबत आलेल्या पाद्र्याचा. नाणं म्हणतंय ती पैज मी पण लावतो.

रविवारचा_रिकामा

मंडळी, दोनशे रुपयात एवढं शिक्षण मिळालं, पान्याचा सेट गेला खड्ड्यात.

काल खडकीला जाऊन आलो. बिल्ला खिशातच होता. शांत जागा आहे, हिरवळ एकदम कापलेली, दगड सगळे एका उंचीचे. काका म्हणाले तसे प्रत्येक दगडावर बिल्ले कोरलेत, तोफखान्याची तोफ, कुठे बिगुल, कुठे घोडा, विमानदलाचा गरुड. माझ्यासारखा आठ टोकांचा क्रॉस शोधत तासभर फिरलो, मला काही दिसला नाही, पण फिरता फिरता वयं वाचत गेलो, वीस, बावीस, एकोणीस, आणि नंतर बिल्ला शोधायचं डोक्यातून निघून गेलं. गेटपाशी आल्यावर आठवलं की ह्यांच्यातल्या कोणाच्या तरी शेवटच्या प्रार्थनेला जो उभा होता त्याच्या टोपीवर असलाच काळा क्रॉस असेल. माझाच असेल असं नाही म्हणत. पण तुटायला आलेली ती पट्टी बघितली की वाटतं, किती वेळा काढली-घातली असेल टोपी.

तिरपागडे, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यातून गेला नाहीये. फक्त आता मी आधी ओकची पानं बघतो आणि मग ते वाक्य वाचतो.

पितांबरी लावली नाही. म्हणजे मी नाही लावली. आज सकाळी आमच्या हिने देवाची भांडी घासायला काढली होती आणि मी आंघोळीहून बाहेर येतो तर ताम्हणात समई, निरांजन, घंटा आणि त्यांच्या मधे माझा पाद्री, अर्ध्या अंगाला लाल पावडर लागलेली. ओरडत जाऊन नळाखाली धरला. मुकुटाची एक बाजू जरा उजळलीये. नाणं साहेब, किती किंमत कमी झाली ते सांगू नका.